गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

जनरल मोटर्सचे भारतात दोन कारखाने होते, एक गुजरातेत हलोलला आणि दुसरा पुण्याजवळ तळेगावला. २०१७ मध्ये या अमेरिकी कंपनीने भारतातली विक्री गुंडाळली. हलोलचा कारखाना शांघायच्या ‘सायक’ या चिनी कंपनीने घेतला आणि दोन वर्षांत तिथून एमजीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. जानेवारी २०२० मध्ये तळेगावचा कारखाना ‘ग्रेट वॉल’ या दुसऱ्या चिनी कंपनीला विकायचा करार झाला. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. जूनमध्ये गलवानला भारत-चीन सैनिकांत चकमक झाली. मंजुरी काही आली नाही. त्या वर्षअखेरीस कारखान्यातले उत्पादन थांबले, २०२२ मध्ये करार मोडीत निघाला आणि कामगार आपल्या रोजगारासाठी झगडत राहिले. अखेर २०२३ मध्ये ह्युंदाईने तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. चिनी कंपन्यांशी झालेल्या दोन्ही करारांत विकणारी कंपनी एकच होती आणि घेणारा देशही एकच. मधल्या तीन वर्षांत बदलले होते ते नियम आणि राजकारण.

भारत, चीन, ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान यांसारख्या मोठ्या उभरत्या अर्थव्यवस्थांत धंदा करायला निघालेल्या प्रत्येकाला एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. बाजार मोठा आहे यावर कुणाचे दुमत नाही. पण या मोठ्या बाजारातून पैसा कोण मिळवतो, आणि कोण पदरचे घालवून परततो? गेल्या तीन-चार दशकांचा अनुभव आता इतका साठला आहे की या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देता येते.

आकर्षण कशाचे?

२००१ मध्ये गोल्डमन सॅक्सचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी ब्राझील, रशिया, भारत आणि चीन या चार देशांची मोट बांधून ‘ब्रिक’ हे नाव दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. गुंतवणूकदारांचे नाव पुढे राजकारणातही शिरले. २००९ मध्ये या चार देशांची पहिली शिखर परिषद रशियात येकातेरिनबुर्गला भरली, नंतर या गटात दक्षिण आफ्रिका आली, २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिरात, तर २०२५ मध्ये इंडोनेशिया. आज क्रयशक्तीच्या हिशेबाने जगाच्या उत्पादनातला सुमारे ६० टक्के वाटा उभरत्या आणि विकसनशील देशांचा आहे.

या आकड्यांचे गारूड जबरदस्त असते. भारतात १४० कोटी माणसे, इंडोनेशियात २८ कोटी, नायजेरियात २२ कोटींच्या वर, ब्राझीलमध्ये २१ कोटी. त्यातल्या एक टक्क्याने जरी आपला माल घेतला तरी, असा हिशेब मांडून कित्येक कंपन्यांच्या संचालक मंडळांनी कोट्यवधींची गुंतवणूक मंजूर केली. या हिशेबातली चूक साधी आहे. माणसाच्या हातात नियमित पैसा हवा, माल त्याच्यापर्यंत पोचायला हवा, त्याच्या सवयीत बसायला हवा, आणि विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर व टिकाऊ चलनात मिळायला हवेत. लोकसंख्येच्या आकड्यावरून यातले काहीच कळत नाही.

संधी असते ती उणिवेत

हार्वर्डचे तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपु या दोन भारतीय वंशाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकापासून एक मुद्दा लावून धरला. श्रीमंत देशांत व्यापाराला आधार देणाऱ्या कितीतरी व्यवस्था आपसूक हजर असतात. ग्राहकाची पत सांगणाऱ्या संस्था, वेळेत निकाल देणारी न्यायालये, विश्वासू वितरक, शिकलेले कारागीर, मालाची प्रत तपासणाऱ्या प्रयोगशाळा. उभरत्या देशांत यांतल्या काही नसतात, काही अर्ध्यामुर्ध्या असतात. परक्याला ती अडचण वाटते. पण जो ती उणीव भरून काढतो त्याच्या हाती असा धंदा लागतो की नंतर येणाऱ्याला तो सहज हिरावून घेता येत नाही.

पुण्याच्या बजाज ऑटोची आफ्रिकेतली वाटचाल याचे जवळचे उदाहरण आहे. भारतात ‘बॉक्सर’ ही मोटरसायकल केव्हाच मागे पडली. नायजेरिया, युगांडा, केनिया इथे मात्र तीच पोटापाण्याचे साधन झाली, कारण तिथे मोटरसायकल म्हणजे टॅक्सी. चालकामागे दोन प्रवासी, कधी मध्ये एखादे मूल, मागे पोते, आणि खाली डांबर नसलेला रस्ता. अशा गाडीला लांब सीट लागते, भक्कम कॅरियर लागतो, कमी पेट्रोलमध्ये दिवसभर पळणारे इंजिन लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बिघडली तर त्याच दिवशी दुरुस्त व्हावी लागते, कारण गाडी उभी राहिली की घरातली चूल अडते. म्हणून इथे खरी विक्री होते ती सुट्या भागांची आणि गल्लीतल्या मेकॅनिकच्या भरवशाची. नायजेरियाच्या आग्नेय भागातले न्नेवी हे शहर मोटरसायकलच्या सुट्या भागांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या इग्बो समाजात पोरगा काही वर्षे मालकाच्या दुकानात उमेदवारी करतो आणि मग मालकच त्याला भांडवल देऊन वेगळे दुकान थाटून देतो. बँक आणि कोर्ट यांच्यावाचून पत निर्माण करणारी ही जुनी पद्धत आहे. अशा जाळ्यात ज्याचा माल शिरला, त्याला जाहिरातीचे फलक फारसे लावावे लागत नाहीत.

व्यवहाराच्या पैशांबाबतही हेच घडले. केनियात २००७ मध्ये ‘एम-पेसा’ आले, भारतात २०१६ मध्ये यूपीआय, ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ‘पिक्स’ सुरू केले. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार प्रथमच १,००० कोटींच्या पुढे गेले, तर पिक्स आज १५ कोटींहून अधिक ब्राझिली वापरतात. कार्डांचे यंत्र ज्या टपरीवर कधी पोचले नसते, तिथे एक छापील कागद चिकटवून काम भागते. पाच-दहा रुपयांची वस्तू विकणाऱ्या कंपनीला लहानातल्या लहान दुकानदाराशी थेट हिशेब ठेवणे यामुळे शक्य झाले. आजच्या घडीला या देशांतली सर्वांत मोठी नवी संधी मला इथे दिसते.

नियम रातोरात बदलतात तेव्हा

आता दुसरी बाजू. बॉक्सर ज्या रस्त्यांवर धावते त्यांतल्या लागोसच्या अनेक भागांत राज्य सरकारने अपघात आणि गुन्हेगारीचे कारण देऊन मोटरसायकल टॅक्सींवर २०२० मध्ये आणि पुन्हा जून २०२२ मध्ये बंदी घातली. मोबाइलवरून मोटरसायकल बोलावण्याचा धंदा उभारणाऱ्या कंपन्यांना सामान पोचवण्याच्या कामाकडे वळावे लागले. इजिप्तने २०२१ मध्ये तीनचाकींच्या मुख्य भागांची आयात बंद केली आणि त्याची झळ थेट आपल्याकडच्या निर्यातीला बसली.

इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात रोखली. धातू हवा असेल तर भट्टी आमच्याकडे लावा, असा त्याचा अर्थ. युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेकडे गेला आणि २०२२ मध्ये तिथे निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला. तोवर चिनी कंपन्यांनी सुलावेसी बेटावर भट्ट्या पेटवून जगाच्या निकेल बाजाराचा गुरुत्वमध्यच हलवला होता. त्याच देशाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्थानिक सुट्या भागांचे ४० टक्के प्रमाण पाळले नाही म्हणून आयफोन १६ ची विक्री अडवली. ॲपलने गुंतवणुकीची तयारी दाखवल्यावर पुढच्या वर्षी ती सुरू झाली. इथे नियमाचा हेतू उघड आहे. मोठ्या बाजारात यायचे तर इथे काहीतरी उभे करा, हा तो हेतू. तो ओळखून आधी पाऊल टाकणाऱ्याला हाच नियम कुंपणासारखा उपयोगी पडतो.

पण सगळेच बदल असे अंदाज करण्याजोगे नसतात. व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातला मोबाइल व्यवसाय सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. व्यवहार परदेशात झाला होता, तरी आयकर खात्याने कर मागितला. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सरकारने १९६२ पासून लागू होईल अशी कायदादुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादांनी व्होडाफोन आणि याच दुरुस्तीचा फटका बसलेली केर्न कंपनी या दोन्ही प्रकरणांत भारताच्या विरोधात कौल दिला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती तरतूद मागे घेतली गेली. नऊ वर्षांत सरकारच्या तिजोरीत जे आले असते, त्यापेक्षा देशाच्या शब्दाची किंमत जास्त होती. हे आपण भारतीयांनी स्वतःशी स्पष्टपणे कबूल केले पाहिजे.

चलनाचा फटका

निर्यातदाराला सर्वांत आधी रडवते ते चलन. जून २०२३ च्या मध्यावर नायजेरियाने नायरावरचे नियंत्रण सैल केले. तोवर एका डॉलरला अधिकृत भाव ४७० नायराच्या आसपास होता. महिना संपेपर्यंत तो साडेसातशेच्या घरात गेला आणि २०२४ च्या सुरुवातीला दीड हजाराच्या पलीकडे. आता लागोसमधल्या एका दुकानदाराचा हिशेब करून पाहा. त्याने १०,००० डॉलरचा माल ९० दिवसांच्या उधारीवर घेतला आहे. माल घेताना देणे ४७ लाख नायरा होते, फेडायच्या वेळी ते ७५ लाख झाले. माल त्याने जुन्या भावाने विकून टाकला आहे. तो लबाड नाही, पण बुडाला आहे, आणि त्याच्याबरोबर पुण्या-औरंगाबादकडच्या पुरवठादाराचे पैसेही अडकले आहेत. त्या वर्षी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपन्यांनीही नायजेरियातले आपले कामकाज आवरते घेण्याचे जाहीर केले. डॉलरच मिळत नसल्यामुळे विमान कंपन्यांचे तिकिटांचे पैसे देशात अडकून पडले होते आणि एमिरेट्सने २०२२ मध्ये तिथली उड्डाणे थांबवली, ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ८५ टक्क्यांवर पोचला होता. अशा देशात दुकानदाराला किमतीचे फलक बदलण्यातच दिवस घालवावा लागतो.

कागद आणि कोर्ट

चलनाचा धोका डोळ्यांना दिसतो. कागदपत्रांचा खर्च मात्र हळूहळू पोखरतो. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालानुसार ब्राझीलमध्ये मध्यम आकाराच्या कंपनीला कर भरण्याच्या सोपस्कारांसाठी वर्षाला सुमारे १,५०० तास घालवावे लागत. श्रीमंत देशांत हेच काम १६० तासांच्या आत उरकत असे. केंद्राचे, राज्यांचे आणि नगरपालिकांचे वेगवेगळे कर, त्यांत २७ राज्य-प्रांतांचे वेगळे नियम. डिसेंबर २०२३ मध्ये ब्राझीलने घटनादुरुस्ती करून हे कर एकवटायचे ठरवले आणि त्यासाठी २०२६ ते २०३३ असा दीर्घ संक्रमणकाळ ठेवला. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाचा गोंधळ आठवणाऱ्या प्रत्येक लेखनिकाला हा शहाणपणा पटेल.

त्याच अहवालातल्या व्यवसायसुलभतेच्या क्रमवारीत भारताचा क्रमांक ६३ होता. पाच वर्षांपूर्वी तो १४२ होता, म्हणून या झेपेचा मोठा गाजावाजा झाला. पण करारभंगाचा दावा निकाली निघायला भारतात सरासरी १,४४५ दिवस लागतात हेही त्याच अहवालात होते. शिवाय भारताची पाहणी दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांत होत असे. गडचिरोलीत किंवा हिंगोलीत कारखाना काढणाऱ्याचा अनुभव त्यात नव्हता. पुढे चीन आणि इतर काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये जागतिक बँकेने तो अहवालच बंद केला. क्रमवारीवर विसंबून गुंतवणूक करू नये, हा यातला धडा आहे.

करार टिकतो लोकांच्या मान्यतेवर

महाराष्ट्राने या विषयातला सर्वांत महाग धडा स्वतःच्या भूमीवर गिरवला आहे. गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प ही त्या काळातली सर्वांत मोठी परकी गुंतवणूक होती. एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबरचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. निविदा न मागवता थेट वाटाघाटी झाल्या होत्या. वीज उचलली नाही तरी बहुतांश क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाने द्यायचे होते, दर डॉलरशी बांधलेला होता आणि वर केंद्र सरकारची प्रतिहमी होती. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेनेही तेव्हाच कळवले होते. कागदावर कंपनी पूर्ण सुरक्षित होती. प्रत्यक्षात १९९५ मध्ये सत्तांतर झाले आणि ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. फेरवाटाघाटी होऊन १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. ती वीज राज्य वीज मंडळाला पेलवेना आणि मे २००१ मध्ये खरेदी थांबली. डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ उभारून तो सांगाडा सावरावा लागला.

या प्रकरणात कंपनीच्या वकिलांनी सगळे धोके दुसऱ्याच्या गळ्यात बांधले आणि त्यामुळेच करार मोडला. ज्या व्यवहारात एका बाजूला कसलीच जोखीम उरत नाही, तो लोकांना अन्याय वाटतो, आणि निवडणुका होणाऱ्या देशात त्याचा हिशेब चुकता होतोच. प्रकल्पाजवळच्या अंजनवेल-वेलदूरच्या गावकऱ्यांना विचारात न घेता झालेला करार दिल्लीच्या प्रतिहमीनेही वाचला नाही.

हुकूमशाही वळणाच्या देशांत धोका वेगळ्या दिशेने येतो. मॅकडॉनल्ड्सने जानेवारी १९९० मध्ये मॉस्कोच्या पुश्किन चौकात पहिले दुकान थाटले, रशियात स्वतःची पुरवठासाखळी शून्यातून उभी केली, आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये साडेआठशेच्या आसपास दुकाने विकून ती बाहेर पडली. जे राहिले त्यांचे काय झाले तेही दिसले. जुलै २०२३ मध्ये रशियन सरकारने डॅनोन आणि कार्ल्सबर्गच्या तिथल्या कंपन्यांचा ताबा घेतला.

स्थानिक स्पर्धकाला कमी लेखू नये

परक्या कंपन्यांचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा सरकारपेक्षा स्थानिक प्रतिस्पर्ध्याने केले आहे. ईबे चीनमध्ये ‘ताओबाओ’पुढे टिकली नाही, उबरने २०१६ मध्ये चीनमधला व्यवसाय ‘दिदी’च्या हवाली केला. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, तळोज्याला कारखाना काढला आणि थंड दुधात कुरकुरीत राहणारे कॉर्नफ्लेक्स विकू लागली. इथल्या घरांत सकाळचे दूध तापवून, साखर घालून घेतात. गरम दुधात तो कुरकुरीतपणा क्षणात गेला आणि पोहे-उपम्याच्या तुलनेत ती महागडी न्याहारी लोकांना फारशी रुचली नाही. कंपनीला जम बसवायला पुढे बरीच वर्षे लागली.

उलट केएफसीने १९८७ मध्ये बीजिंगमध्ये पहिले दुकान उघडले, न्याहारीला तांदळाची पेज ठेवली, व्यवस्थापन चिनी माणसांच्या हाती दिले. २०२३ अखेर तिथल्या तिच्या दुकानांनी १०,००० चा टप्पा ओलांडला. वॉलमार्टचे उदाहरण आणखी बोलके आहे. मेक्सिकोत तिने १९९१ मध्ये ‘सिफ्रा’ या जाणत्या स्थानिक कंपनीशी भागीदारी केली आणि आज ती तिथली सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती आहे. ब्राझीलमध्ये १९९५ पासून हातपाय मारून २०१८ मध्ये तिने ८० टक्के हिस्सा विकला. त्याच वर्षी भारतात नव्याने दुकाने काढत बसण्यापेक्षा तिने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ताबा घेतला. मात्र मेक्सिकोसह चार देशांतल्या लाचखोरीविषयीच्या चौकशीत २०१९ मध्ये याच कंपनीला अमेरिकेत २८ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. इथे असेच चालते, म्हणून दिलेले पाकीट वीस वर्षांनी दुसऱ्या देशाच्या कोर्टात उघडते.

आपल्या उद्योजकांसाठी

हा विषय आता बहुराष्ट्रीय कंपन्यांपुरता राहिलेला नाही. चाकण, वाळूज, भोसरी, कोल्हापूर इथले पुरवठादार थेट वा आडवळणाने या बाजारांत आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या आणि ब्राझीलच्या अनेक मालांवर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले तेव्हा हेही दिसले की अनिश्चितता ही काही गरीब देशांची मक्तेदारी नाही. आपल्यासारख्या देशांनी एकमेकांचे बाजार शोधणे ही आता गरज आहे.

त्यासाठी काही पथ्ये अनुभवाने सिद्ध झाली आहेत. एकाच देशावर निर्यातीचा भार टाकू नये. नायजेरियात घसरण झाली त्या काळात बजाज लॅटिन अमेरिकेत पाय रोवत होती, आणि २०२४ मध्ये तिने ब्राझीलमध्ये मानाउसला स्वतःचा कारखाना सुरू केला. ॲमेझॉनच्या जंगलातल्या या मुक्त क्षेत्रात करसवलतींमुळे होंडा १९७० च्या दशकापासून आहे. नव्या गिऱ्हाइकाला उधारी देताना लेटर ऑफ क्रेडिट मागावे, ते जमत नसेल तर ईसीजीसीचा निर्यात-पतविमा घ्यावा. १९५७ पासून काम करणाऱ्या या सरकारी कंपनीचे मुख्यालय मुंबईतच आहे, तरी कित्येक लहान निर्यातदार हप्ता वाचवायला विमा टाळतात आणि एका बुडीत बिलात सगळी कमाई घालवतात. स्थानिक भागीदार निवडताना त्याच्या ओळखीपाळखीपेक्षा त्याचे जुने हिशेब पाहावेत. आणि किमान पाच-सात वर्षे नफ्याची घाई न करता थांबता येईल एवढेच भांडवल गुंतवावे. सुझुकीने १९८० च्या दशकाच्या आरंभी सरकारी मारुतीत अल्प हिस्सा घेऊन प्रवेश केला तेव्हा भारताचा मोटार बाजार नगण्य होता. ती टिकून राहिली म्हणून पुढचा बाजार तिचा झाला.

सरकारांसाठीही यात सांगणे आहे, आणि महाराष्ट्र सरकारसाठी ते विशेष आहे. राज्याराज्यांत आज जमीन, वीज आणि कर यांच्या सवलतींची चढाओढ चालते. सवलत कारखाना आणू शकते, पण टिकवते ती धोरणाची सुसंगती. दिलेला शब्द सत्तांतरानंतरही पाळला जाणे, व्यापारी दावे एका वर्षात निकाली निघणे, प्रकल्पाआधी गावाशी उघड बोलणे, या तीन गोष्टी कुठल्याही अनुदानापेक्षा स्वस्त आहेत आणि जास्त गुंतवणूक आणतील. मोठ्या उभरत्या बाजारांत पैसा त्यांनीच मिळवला, ज्यांनी तिथली उणीव आपल्या कामाने भरून काढली, जोखमीचा वाटा स्वतः उचलला आणि समोरच्या समाजालाही व्यवहारात लाभ दिसेल याची काळजी घेतली. माणसांची संख्या पाहून आलेले बहुतेक जण तोट्याच्या ताळेबंदासह परतले आहेत. नव्याने निघणाऱ्याने पहिल्या पानावर लोकसंख्येऐवजी एकच प्रश्न लिहावा: या देशात काय कमी आहे, आणि ते आपण दहा वर्षे टिकून देऊ शकतो का? याचे उत्तर प्रामाणिकपणे होकारार्थी असेल तरच पुढचा हिशेब मांडावा.